बदलीच्या नोकरीत टिकलेली विद्या : डच मुत्सद्दी रॉबर्ट व्हान गुलिक यांचे प्रकरण

परराष्ट्र खात्यातला माणूस तीन-चार वर्षांहून जास्त काळ एका गावी राहत नाही. बदलीचा हुकूम येतो, घर आवरले जाते, मुलांच्या शाळा सुटतात आणि नव्या देशात पुन्हा पहिल्या ओळखीपासून सुरुवात होते. संशोधकाची गरज याच्या नेमकी उलट. त्याला ग्रंथालय हाताशी लागते, चुका दाखवणारे सहकारी लागतात आणि एकाच विषयाला वर्षानुवर्षे चिकटून बसण्याची मुभा लागते. दोन्ही एकदम करू पाहणारे पुष्कळ अधिकारी होऊन गेले. बहुतेकांच्या हातून एक काहीतरी सुटले.

रॉबर्ट हान्स व्हान गुलिक (१९१०–१९६७) यांच्या हातून दोन्ही सुटले नाही. नेदरलँड्सच्या परराष्ट्र सेवेत ते १९३५ मध्ये दुभाषी म्हणून शिरले आणि १९६७ मध्ये जपानमधले राजदूत असताना वारले. मधल्या बत्तीस वर्षांत टोकियो, चुंगकिंग, वॉशिंग्टन, नवी दिल्ली, बैरूत, क्वालालंपूर आणि अधूनमधून हेगचे मुख्यालय अशा नेमणुका झाल्या. याच काळात त्यांनी चिनी संगीत, चित्रकला, कायदा, कामजीवन आणि प्राणिजीवन यांवर असे ग्रंथ लिहिले की त्या त्या विषयाच्या अभ्यासकाला आजही ते ओलांडून जाता येत नाही. शिवाय न्यायाधीश दी या तांगकालीन अधिकाऱ्याच्या रहस्यकथांची पंधराहून अधिक पुस्तके.

त्यांच्याबद्दल लिहिणारे बहुधा अचाट बुद्धिमत्तेवर थांबतात. बुद्धिमत्ता होतीच, पण ती अनेकांकडे असते. मला या प्रकरणात दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते : त्यांनी अभ्यासाचे विषयच बदलीत टिकतील असे निवडले. एक वाद्य, एक शाई घासायचा दगड, एक देवता, एक प्राणी. चीनचा इतिहास, चिनी तत्त्वज्ञान असल्या अफाट विषयांना त्यांनी हात घातला नाही. ट्रंकेत मावेल एवढाच विषय घ्यायचा आणि त्याच्या तळापर्यंत जायचे, ही त्यांची रीत होती. ती कशी घडली आणि तिची किंमत काय पडली, हे नेमणुकांच्या क्रमाने पाहू.

जावा ते उट्रेख्त

जन्म नेदरलँड्समधल्या झुत्फेनचा. वडील डच ईस्ट इंडीजच्या, म्हणजे आजच्या इंडोनेशियाच्या, वसाहती सैन्यात डॉक्टर, त्यामुळे बालपण जावा बेटावर गेले. मलय भाषा तिथेच कानावर पडली. १९२३ मध्ये कुटुंब मायदेशी परतले आणि मुलगा नाइमेखेनच्या शाळेत जाऊ लागला. तिथे त्यांना गुरू भेटले ते ख्रिस्टियानुस उलेनबेक, लायडनहून निवृत्त झालेले भाषाशास्त्रज्ञ. त्यांनी या शाळकरी मुलाला संस्कृत शिकवले आणि बदल्यात आपल्या कामाला जुंपले. उत्तर अमेरिकेतल्या ब्लॅकफूट जमातीच्या भाषेचा शब्दसंग्रह दोघांच्या नावाने दोन भागांत, १९३० आणि १९३४ मध्ये छापला गेला. पहिला भाग निघाला तेव्हा व्हान गुलिक अवघ्या वीस वर्षांचे होते.

मराठी वाचकाला पुढची नोंद जवळची वाटेल. कालिदासाच्या ‘विक्रमोर्वशीय’ नाटकाचा त्यांनी डचमध्ये अनुवाद केला आणि तो १९३२ मध्ये प्रसिद्ध झाला. चीनकडे पूर्ण वळण्याआधी हा माणूस संस्कृतचा विद्यार्थी होता, आणि संस्कृतने त्यांना पुढेही सोडले नाही.

लायडन विद्यापीठात त्यांनी चिनी, जपानी आणि ईस्ट इंडीजचा कायदा असा अभ्यास केला. तिथले चिनी विद्येचे प्राध्यापक डायवेंडाक यांच्याशी मात्र त्यांचे जमले नाही. मग ते उट्रेख्तला गेले. १९३५ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली ती हयग्रीवावरच्या प्रबंधासाठी. आपल्याकडे हयग्रीव म्हणजे विष्णूचे घोड्याच्या मुखाचे रूप. तोच तांत्रिक बौद्ध धर्मातून तिबेट, चीन ओलांडून जपानात गेला आणि तिथे बातो कान्नोन झाला. एक देवता धरायची आणि तिच्या मागोमाग चार देश चालत जायचे : पुढच्या सगळ्या कामाचा साचा या प्रबंधातच दिसतो.

प्राध्यापकीच्या वाटेवर लायडनचे दार जवळपास बंद झाले होते. परराष्ट्र सेवेला पूर्व आशियातल्या भाषा जाणणारी माणसे हवी होती. त्यांनी नोकरी पत्करली ती पोटासाठी आणि पूर्वेकडे जाण्यासाठीही. या दोन कारणांत थोरले कोणते, असे विचारण्यात फारसा अर्थ नाही.

पहिले टोकियो, १९३५ ते १९४२

दुभाषाचे काम म्हणजे वृत्तपत्रे चाळणे, पत्रव्यवहार भाषांतरित करणे, बैठकींना हजर राहणे. वकिलातीतला हा खालचा हुद्दा. पण त्याचा एक फायदा होता. वरच्या अधिकाऱ्याला मेजवान्यांत अडकून पडावे लागते. दुभाष्याच्या संध्याकाळी मोकळ्या असतात आणि भाषेच्या निमित्ताने त्याला कुणाच्याही घरी जाता येते. व्हान गुलिक जुन्या पुस्तकांच्या दुकानांत, चित्रे विकणाऱ्यांकडे, भिक्षूंकडे जात राहिले. चिनी पंडितांप्रमाणे त्यांनी स्वतःसाठी काव लोपेइ हे चिनी नाव घेतले, रोज ब्रशने अक्षर गिरवण्याचा सराव ठेवला, शिक्के कोरायला शिकले.

गुचिन हे सात तारांचे, मांडीवर किंवा मेजावर आडवे ठेवून वाजवायचे वाद्य. चीनमध्ये ते व्यावसायिक वादकाचे मानले जात नसे. ते विद्वानाच्या अभ्यासिकेतले वाद्य. त्याचा आवाज इतका मंद की मोठ्या सभेत ऐकूच येऊ नये. व्हान गुलिक पेकिंगला (आजचे बीजिंग) गेले आणि ये शिमंग या वृद्ध वादकाकडे शिकले. गुरू थोड्याच काळात वारले. ‘द लोअर ऑफ द चायनीज ल्यूट’ हा ग्रंथ टोकियोत १९४० मध्ये पुस्तकरूपाने आला. पाश्चात्य भाषेत या वाद्याच्या विचारविश्वावर एवढे सखोल काम तोवर झाले नव्हते. त्यात सुरांच्या मोजमापापेक्षा भर आहे तो वाजवणाऱ्याच्या मनोभूमिकेवर : वाद्य कोणापुढे वाजवावे, कोणत्या झाडाखाली, कोणत्या मित्राच्या सोबतीने. स्वतः वाजवायला शिकल्याशिवाय असे पुस्तक लिहिता येत नाही. त्याआधी, १९३८ मध्ये, सुंग काळातला चित्रकार मी फू याच्या शाईच्या दगडांवरील टिपणाचा त्यांनी केलेला अनुवाद पेकिंगमध्ये छापला गेला होता. तोही असाच तळहाताएवढा विषय.

कचेरीतले काम हळूहळू बिकट होत गेले. मे १९४० मध्ये जर्मनीने नेदरलँड्स व्यापले आणि डच सरकार लंडनला गेले. जपानला ईस्ट इंडीजचे तेल हवे होते. त्यासाठी बटाव्हियात (आजचे जकार्ता) १९४० च्या सप्टेंबरपासून १९४१ च्या जूनपर्यंत वाटाघाटी रेंगाळल्या आणि फिसकटल्या. पर्ल हार्बरनंतर लगेच, ८ डिसेंबर १९४१ रोजी, डच सरकारने जपानविरुद्ध युद्ध पुकारले. वकिलातीतली माणसे स्थानबद्ध झाली. १९४२ च्या उन्हाळ्यात दोस्त राष्ट्रांच्या इतर मुत्सद्द्यांबरोबर व्हान गुलिकही जपानबाहेर पडले.

सात वर्षे जमवलेला ग्रंथसंग्रह मागे राहिला आणि गेला. संशोधकाच्या आयुष्यात यापेक्षा मोठा घाव नाही. बत्तिसाव्या वर्षी त्यांच्याकडे उरले ते डोक्यात होते तेवढे, आणि सोबत आणता आलेली थोडी टिपणे.

चुंगकिंग : वाद्याने उघडलेली दारे

आफ्रिका, इजिप्त आणि भारत असा वळसा घेऊन ते १९४३ मध्ये चुंगकिंगला पोचले. च्यांग काय-शेकच्या राष्ट्रवादी सरकारची ती युद्धकालीन राजधानी. निम्मा चीन जपान्यांच्या ताब्यात, आणि पूर्वेकडची विद्यापीठे, मंत्रालये, कवी, सरदार, सावकार असे सगळे या डोंगराळ, धुकट शहरात येऊन दाटलेले. डच दूतावासात ते सचिव होते.

मुत्सद्दी म्हणून त्यांची सर्वांत ठळक कामगिरी मी इथली मानतो. शांततेच्या काळात पेकिंग, नानकिंग, शांघाय असे विखुरलेले चिनी विद्वान आता एका गावात होते, आणि हा डच सचिव त्यांच्यात बरोबरीने बसू शकत होता. गुचिन वाजवणाऱ्यांच्या थ्येनफंग मंडळाच्या स्थापनेत ते सामील झाले. त्या मंडळात यू योउरेन आणि फंग यूश्यांग यांच्यासारखे लोक होते. यू योउरेन म्हणजे सरकारच्या नियंत्रण विभागाचे प्रमुख आणि नामांकित सुलेखनकार. फंग यूश्यांग म्हणजे एकेकाळी उत्तर चीन हलवून सोडणारा सेनापती. इतर वकिलातींना ज्यांची भेट मागून घ्यावी लागे, ते यांच्याबरोबर गाण्याला बसत होते. मेजवानीतली ओळख आणि बैठकीतली ओळख यांत केवढा फरक असतो, हे मैफलीत बसलेल्या कोणालाही सांगायला नको.

१९४४ मध्ये चुंगकिंगलाच त्यांचे एक पुस्तक निघाले, तेही चिनी भाषेत. विषय तुंगकाव नावाचा सतराव्या शतकातला भिक्षू. मांचू सत्ता आल्यावर तो चीन सोडून जपानला गेला आणि तिथे त्याने गुचिनचे शिक्षण पुन्हा रुजवले. सामग्री व्हान गुलिक यांनी जपानात गोळा केलेली होती. शत्रूच्या देशात जमवलेले कागद, आणि ते छापले जातात त्या शत्रूशी लढणाऱ्या राजधानीत. चिनी वाचकाला त्यातून आपल्याच एका हरवलेल्या पूर्वजाची कागदपत्रे परत मिळत होती. युद्धाच्या धामधुमीत एका दूतावासाच्या सचिवाने यजमान देशाला यापेक्षा चांगले काय द्यावे?

दूतावासाच्या कचेरीत श्वेइ शिफांग काम करत. त्यांचे वडील मांचू राजवटीपासूनच्या अधिकारी वर्गातले. डिसेंबर १९४३ मध्ये व्हान गुलिक यांचे त्यांच्याशी लग्न झाले. पुढे चार मुले झाली. यानंतरच्या प्रत्येक बदलीत घर लावणे, मुलांना नव्या भाषेत रुळवणे आणि पाहुण्यांचे स्वागत हे बहुतांशी शिफांग यांनी उचलले. व्हान गुलिक यांच्या पुस्तकांची यादी वाचताना हा भाग नजरेआड होतो. तो होऊ देऊ नये, कारण बदलीत टिकलेली विद्या एकट्या माणसाच्या शिस्तीवर टिकलेली नव्हती.

दुसरे टोकियो आणि बदलीवर फिरणारा न्यायाधीश

हेग आणि वॉशिंग्टन इथली मधली दोन-तीन वर्षे मी भराभर ओलांडतो. कामाच्या दृष्टीने ती कागदी होती. १९४८ मध्ये ते अमेरिकी ताब्यातल्या टोकियोत डच लष्करी मिशनचे सल्लागार म्हणून परतले.

युद्धाआधीच्या टोकियोत त्यांना जुन्या पुस्तकांच्या दुकानात एक चिनी कादंबरी सापडली होती. तांग काळातला खरा मुत्सद्दी दी रेनच्ये (६३०–७००) तीत जिल्हा न्यायाधीश म्हणून तीन गुन्ह्यांचा एकाच वेळी छडा लावतो. तिचा इंग्रजी अनुवाद त्यांनी १९४९ मध्ये स्वखर्चाने छापला, बाराशे प्रती. प्रस्तावनेतला त्यांचा मुद्दा असा : चिनी आणि जपानी लेखक पाश्चात्य रहस्यकथांच्या सुमार नकला करत आहेत, आणि त्यांच्या घरातच शतकानुशतकांची स्वतःची गुन्हेकथा पडून आहे. तो मुद्दा नुसता मांडून ते थांबले नाहीत. स्वतःच कादंबऱ्या लिहू लागले, जुन्या चिनी गुन्हेकथांतली बीजे घेऊन. भुलभुलैयाच्या खुनांची कादंबरी सर्वांत आधी जपानी भाषांतरात आली, १९५१ मध्ये. तिचा चिनी अवतार त्यांनी स्वतः लिहिला आणि तो १९५३ मध्ये सिंगापूरला निघाला. इंग्रजी वाचक या साखळीत सर्वांत शेवटी आला.

चिनी जिल्हाधिकारी हा कारभारी, पोलीस आणि न्यायाधीश तिन्ही असे. त्याची नेमणूक ठरावीक वर्षांची. स्वतःच्या प्रांतात कधीच नाही. जिथे त्याचे नातेवाईक नाहीत, बोली वेगळी आहे, कारकून मुरलेले आहेत, अशा गावात जाऊन त्याने आठवडाभरात परिस्थिती ओळखायची. व्हान गुलिक यांनी आपल्या नायकाचा नेमणूकपटच तयार केला : पंगलाय, हानयुआन, पूयांग, लानफांग, पेइचौ. प्रत्येक मोठी कादंबरी एकेका ठाण्यावर घडते. न्यायाधीश दी नव्या गावी येतो, आधीच्या अधिकाऱ्याने मागे ठेवलेली दप्तरे उघडतो आणि कोण काय लपवत आहे याचा अंदाज बांधू लागतो. परदेशी नेमणुकीवर नव्याने रुजू होणाऱ्या मुत्सद्द्याच्या पहिल्या महिन्याचे इतके नेमके चित्रण मला दुसरीकडे आढळलेले नाही. ही पात्रयोजना त्यांनी जाणीवपूर्वक केली की नाही, याने फरक पडत नाही. लिहिणारा माणूस त्या अनुभवातून पंचवीस वर्षे जात होता.

आपल्या तीन कामांबद्दल त्यांनीच एके ठिकाणी म्हटले आहे : मुत्सद्देगिरीतले प्रश्न त्या त्या वेळेपुरते असतात, विद्येचे काम टिकते, पण तिथे माणूस वस्तुस्थितीचा बांधील असतो, कादंबरीत मात्र तो तिचा धनी होतो. या तिघांमुळे एकमेकांचा ताण हलका झाला, हे त्यांच्या नेमणुकांशी पुस्तकांच्या तारखा जुळवल्या की स्पष्ट दिसते.

याच मुक्कामातला आणखी एक प्रसंग नोकरीच्या दृष्टीने नाजूक होता. मिंग काळातल्या शृंगारिक चित्रांचे छापण्याचे जुने लाकडी ठसे त्यांच्या हाती आले. सरकारी अधिकाऱ्याने असे काही प्रसिद्ध करणे म्हणजे बदनामीला आमंत्रण. त्यांनी १९५१ मध्ये फक्त पन्नास प्रती काढल्या, मजकूर स्वतःच्या हस्ताक्षरात, आणि त्या विक्रीला न ठेवता जगभरच्या ग्रंथालयांना व संग्रहालयांना दिल्या. सामग्री अभ्यासकांसाठी जपली गेली, नाव बाजारात आले नाही. सार्वजनिक पदावरच्या माणसाने अवघड विषय कसा हाताळावा, याचा हा नमुना मला फार मोलाचा वाटतो.

दिल्ली आणि नागपूर

१९५१ ते १९५३ ते नवी दिल्लीच्या डच दूतावासात सल्लागार (कौन्सेलर) होते. डच माणसासाठी तेव्हाची दिल्ली सोपी नव्हती. इंडोनेशियाच्या स्वातंत्र्यलढ्यात भारताने उघडपणे डचांविरुद्ध भूमिका घेतली होती. जानेवारी १९४९ मध्ये नेहरूंनी त्यासाठी दिल्लीत आशियाई देशांची परिषदच बोलावली होती. वर्षाअखेरीस डचांना जावा-सुमात्रा सोडावे लागले, पण पश्चिम न्यू गिनी त्यांनी धरून ठेवले होते आणि वाद धुमसत होता. व्हान गुलिक यांचे बालपण त्याच जावातले, वडील त्याच वसाहती सैन्यातले. या देशात आपले सरकार कोणत्या नजरेने पाहिले जाते, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

पण संस्कृतच्या वाटेने त्यांना इथे वेगळी माणसे मिळाली. डॉ. रघुवीर फाळणीच्या सुमारास लाहोर सोडून नागपूरला आले होते आणि तिथे त्यांची आंतरराष्ट्रीय भारतीय संस्कृती अकादमी, म्हणजे सरस्वती विहार, काम करत होती. भारतीय भाषांसाठी परिभाषा घडवणारे कोशकार म्हणून ते आपल्याला ठाऊक आहेत. तिबेट, मंगोलिया, चीन, जपान इथे पसरलेला भारतीय वारसा परत गोळा करणे हा त्यांचा दुसरा ध्यास, आणि तो व्हान गुलिक यांच्या हयग्रीवाच्या वाटेशी सरळ जुळणारा. रघुवीरांचे चिरंजीव लोकेश चंद्र यांनी १९५० मध्ये डॉक्टरेट घेतली ती उट्रेख्तलाच, हाही एक धागा.

त्या ओळखीतून आलेले पुस्तक म्हणजे ‘सिद्धम्’, चीन आणि जपानमधल्या संस्कृत अभ्यासाचा इतिहास. नागपूर, १९५६, अशी त्यावर नोंद आहे. आपल्याकडे एकेकाळी मुलाची पाटी ज्या ‘ॐ नमः सिद्धम्’ने सुरू होई, त्याच सिद्धम् अक्षरांत मंत्र आणि धारणी पूर्वेकडे गेल्या. व्हान गुलिक यांचा निष्कर्ष पुष्कळांना न रुचणारा होता. श्वेनत्सांग, ईत्सिंग असे भारतात येऊन शिकलेले थोडे यात्रेकरू सोडले तर चिनी बौद्धांना संस्कृत भाषा फारशी अवगत नव्हती. त्यांनी जपली ती अक्षरे, कारण मंत्राची ताकद अक्षरात आहे अशी श्रद्धा होती. जपानात अठराव्या शतकातल्या जिउन या भिक्षूने मात्र भारतात पाऊल न ठेवता, मिळतील त्या जुन्या हस्तलिखितांवरून संस्कृत व्याकरणाचा पुन्हा शोध घेतला आणि हजार खंडांचा संग्रह रचला. जिउनवर लिहिताना व्हान गुलिक यांची लेखणी रेंगाळते. स्वाभाविक आहे.

विदर्भातल्या एका छापील पानावर डच मुत्सद्दी, जपानी भिक्षू आणि संस्कृत वर्णमाला एकत्र आले, ही घटना महाराष्ट्राच्या विद्येच्या इतिहासात नोंदवायला हवी. ती फारशी कुठे नोंदवली गेलेली नाही, याचे मला वाईट वाटते.

बैरूत, क्वालालंपूर आणि वानरे

हेगला मध्यपूर्व आणि आफ्रिका विभाग सांभाळून ते १९५६ मध्ये बैरूतला गेले, लेबनॉन आणि सीरियातले प्रतिनिधी म्हणून. तिथे अरबी शिकले. १९५८ मध्ये लेबनॉनमध्ये यादवी पेटली आणि जुलैत अमेरिकी नौसैनिक उतरले. त्याच वर्षी रोममध्ये त्यांचा चिनी चित्रांच्या पारखीवरचा प्रचंड ग्रंथ प्रसिद्ध झाला. गुंडाळीचित्र कागदावर कसे चढवतात, खळ कशी करतात, खोटा शिक्का कसा ओळखावा, हे सगळे हाताने केलेल्या माणसाच्या तपशिलाने त्यात आहे. मागच्या खिशात चिनी-जपानी कागदांचे ४२ खरे नमुने घातलेले. एवढे मोठे पुस्तक तीन खंडांतल्या बदल्यांत कसे पुरे झाले, याचे उत्तर पुन्हा विषयातच आहे : ज्यावर काम चालले होते ती चित्रे त्यांच्याबरोबर प्रवास करत होती.

१९५९ ते १९६२ ते मलायात राजदूत होते. या काळात पंतप्रधान टुंकू अब्दुल रहमान यांनी न्यू गिनीच्या वादात डच आणि इंडोनेशिया यांच्यात मध्यस्थीचा प्रयत्न केला. तो इंडोनेशियाने धुडकावला. १९६१ मध्ये प्राचीन चीनच्या कामजीवनावरचा ग्रंथ लायडनहून निघाला, ज्यातले उघड उतारे त्यांनी लॅटिनमध्ये ठेवले आहेत.

आणि घरी गिबन होते, म्हणजे लांब हातांचे, बिनशेपटीचे वानर. जंगलातून आणलेली अनाथ पिल्ले त्यांनी वाढवली. त्यांतल्या बूबूवर त्यांचा फार जीव होता. पाळता पाळता त्यांनी निरीक्षणे टिपली, हाका ध्वनिमुद्रित केल्या आणि मग जुन्या चिनी कवितांतला ‘युआन’ नावाचा प्राणी नेमका कोणता, हा प्रश्न हाती घेतला. त्यांचे उत्तर असे की तो गिबनच. तो पूर्वी चीनमध्ये खूप उत्तरेपर्यंत राहत असे. जंगले तुटत गेली तसा तो दक्षिणेकडे हटला. सुंग काळातल्या चित्रकारांनी जिवंत गिबन पाहून काढले, नंतरच्यांनी आधीच्या चित्रांवरून, म्हणून नंतरच्या चित्रांत हात-पाय चुकू लागले.

हिशेब

डच परराष्ट्र सेवेला यातून काय मिळाले? व्हान गुलिक यांच्या नावाने ओळखला जाणारा करार नाही. जे मिळाले ते मोजायला अवघड आहे : चुंगकिंगमध्ये, टोकियोत, क्वालालंपूरमध्ये डच सरकारचा प्रतिनिधी यजमानांना आदर वाटावा असा होता, आणि तो काळ डचांची आशियातली पत पार घसरल्याचा होता. वसाहत हातची गेलेल्या देशाला अशा माणसाची गरज किती असते, याचा विचार केला तर त्यांच्या नेमणुका सेवेने दाखवलेला उदारपणा वाटत नाहीत. सेवेचाच त्यात फायदा होता.

विद्येला जे सोसावे लागले तेही लिहायला हवे. विद्यापीठापासून दूर राहिल्याने चुका दाखवणारी माणसे रोज भेटत नसत. ताओवादी कामसाधनेला त्यांनी १९५१ मध्ये जवळजवळ रक्तशोषक ठरवले होते. केंब्रिजच्या जोसेफ नीडहॅम यांनी त्यावर आक्षेप घेतला, आणि १९६१ च्या ग्रंथात व्हान गुलिक यांनी आपले मत बदलल्याचे नमूद केले. दुरुस्ती झाली, पण तिला दहा वर्षे लागली. दुसरी उणीव मला अधिक बोचते. त्यांचा चीन हा अभ्यासिकेतल्या सज्जनांचा चीन आहे. चुंगकिंगच्या रस्त्यांवर निर्वासितांचे लोंढे होते, महागाईने माणसे मोडत होती, थोड्याच वर्षांत सबंध समाजरचना उलटणार होती. त्या चीनला त्यांच्या ग्रंथांत जागा नाही. छोटा विषय घेऊन खोल जाणाऱ्याला आजूबाजूचा मोठा विषय सोडून द्यावा लागतो, आणि त्यांनी तो सोडला.

१९६५ मध्ये ते तिसऱ्यांदा टोकियोला गेले, या वेळी राजदूत म्हणून. दक्षिण कोरियाही त्यांच्याकडे होता. तीस वर्षांपूर्वी जिथे दुभाषी होते तिथेच सर्वोच्च पदावर. दोन वर्षांत फुप्फुसाचा कर्करोग निघाला. उपचारासाठी ते हेगला परतले आणि २४ सप्टेंबर १९६७ रोजी, सत्तावन्नाव्या वर्षी, वारले. गिबनवरचा ग्रंथ, हाकांच्या ध्वनिमुद्रिकेसह, त्याच वर्षी निघाला आणि न्यायाधीश दीची शेवटची कादंबरी १९६८ मध्ये. युद्धानंतर नव्याने जमवलेला चिनी ग्रंथसंग्रह लायडन विद्यापीठाने घेतला. ज्या विद्यापीठात त्यांचे जमले नव्हते तिथेच तो आज अभ्यासकांना खुला आहे.

गिबनबद्दलच्या त्यांच्या तर्काला २०१८ मध्ये हाडांचा पुरावा मिळाला. शीआनजवळ, म्हणजे आजच्या गिबनांच्या प्रदेशापासून फार उत्तरेला, सुमारे २२०० वर्षांपूर्वीच्या एका राजघराण्यातल्या स्त्रीच्या थडग्यात गिबनची कवटी सापडली होती. संशोधकांनी ती नामशेष झालेल्या वेगळ्या प्रजातीची ठरवली आणि तिला ‘जुन्झी इम्पेरिआलिस’ असे नाव दिले.